मोकळी चौकट

१

सकाळी मिस्त्रीनं कारखान्याचं शटर वर केलं, तेव्हा काचवाले मालक घोडीच्या पायाशी उताणे पडले होते. घोडी म्हणजे काचेचे मोठे तावे उभे टेकवून ठेवायची लोखंडी चौकट. तिच्या टोकाला रक्त वाळलं होतं. मालकांच्या हाताजवळ मोजमापाची लांब लाकडी पट्टी पडली होती. मागच्या गल्लीकडच्या खिडकीला काच नव्हती, तिचे तुकडे आत फरशीवर पसरले होते, आणि मालकांच्या मनगटावरचं घड्याळ नाहीसं झालं होतं.

दिवे लागायच्या आत पोलिसांनी घड्याळ शोधून काढलं आणि घड्याळाबरोबर माणूसही. त्या गल्लीतून फुटक्या काचा आणि पत्रे गोळा करणारा भंगारवाला. खिशात घड्याळ, बोटांवर काचेचे ताजे ओरखडे. फौजदारांना आयतं ताट वाढून मिळालं.

मी फौजदारी वकील आहे आणि स्वभावानं भित्री आहे. ह्या दोन गोष्टी एका बाईत मावतात कशा, असं माझी आई मला अजून विचारते. मला लिफ्टची भीती वाटते, कुत्र्यांची वाटते, आणि सगळ्यात जास्त वाटते ती निकालाच्या दिवशी न्यायाधीश चष्मा पुसायला लागतात तेव्हा. त्यामुळे भंगारवाल्याची बायको माझ्या ऑफिसात येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली, तेव्हा तिची भीती मला वेगळी सांगावी लागली नाही.

"ताई, तुम्ही काही करू नका," ती म्हणाली. "मी फक्त विचारायला आले. हे सोमवारी न्यायाधीशांसमोर कबूल करणार आहेत."

"काय कबूल करणार आहेत?"

"चोरी. फौजदारसाहेब म्हणाले, चोरीला फारसं काही होत नाही. कबूल केलं की लवकर सुटेल. खरं आहे ना?"

मी टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या आणि तिला म्हटलं, "चला. आत्ताच्या आत्ता भेटायचंय मला त्यांना."

२

कोठडीत भंगारवाला भिंतीला पाठ लावून बसला होता. अंगानं बारीक, आणि बोलताना सारखे हात चोळणारा.

"चोरी म्हणजे काय, माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"न विचारता घेतलं की चोरी."

"बरोबर. त्याला तुरुंग होतो, पण माणूस घरी परत येतो. आता कुणाच्या बंद जागेत खिडकीतून शिरून चोरी केली, तर ती घरफोडी. तिला जास्त शिक्षा. चोरी करताना मारहाण केली तर ती जबरी चोरी, तिला त्याहून जास्त. आणि त्यात माणूस मेला तर…"

"तर?"

"तर जन्मभर आत. नाहीतर फाशी."

त्यानं हात चोळायचे थांबवले. "पण मी फक्त चोरीचं म्हणणार आहे, वकीलबाई. बाकीचं कशाला म्हणू?"

"घड्याळ मेलेल्या माणसाच्या मनगटावरचं आहे. चोरलं म्हणालात की कुठून चोरलं हे विचारतील. कारखान्यातून, म्हणजे आत शिरलात. आत शिरलात तेव्हा मालक तिथं होते. मग पुढचं तुमच्या तोंडून वदवून घ्यायची गरजच उरत नाही. पायरीवर पाय ठेवलात की जिना आपोआप वर नेतो."

"आमच्याकडे लोखंड वेगळं तोलतात, काच वेगळी," तो म्हणाला. "मला वाटलं, गुन्हेपण तसेच."

मला त्याची दया आली आणि फौजदारांचा राग आला. मी विचारलं, "घड्याळ खरंच कुठं मिळालं?"

"कारखान्यामागच्या पिंपात. फुटक्या काचा टाकतात ना, त्या. रोज सकाळी मीच उपसतो. त्या दिवशी वर काच बसवायच्या पुट्टीचा चुरा होता, ही वाळलेली, ढलप्या ढलप्या. तो बाजूला केला तर खाली फडकं. फडक्यात घड्याळ."

"फडक्यात गुंडाळलेलं?"

"नीट. बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं. काचेला चरासुद्धा नाही. मला वाटलं, कुणीतरी चुकून टाकलं असेल. द्यायला हवं होतं परत, पण नाही दिलं. तेवढं माझं चुकलं."

"तेवढं चुकलं, आणि तेवढ्याचीच शिक्षा व्हायला हवी. सापडलेली वस्तू मालकाला परत न करणं हाही गुन्हा आहे, पण त्यासाठी कुणी फासावर जात नाही. सोमवारी तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कबूल?"

त्यानं मान हलवली. मी उठले तसा तो म्हणाला, "मालकांच्या घरच्या बाईंनी मला ओळखलंय. त्या रात्री गल्लीत मलाच पाहिलं म्हणतात. वकीलबाई, मी त्या रात्री तिथं नव्हतो हो."

३

काचेच्या कारखान्यात पाऊल ठेवलं की माणसाला आपणच चहूकडून दिसायला लागतो. तावे, आरसे, अर्धवट कापलेल्या पट्ट्या. मी एकटी आत शिरले आणि मला दहा बायका घाबरलेल्या दिसल्या.

मागच्या खिडकीची चौकट रिकामी होती. मी जवळ जाऊन पाहिली. काचेचा एक कपटाही अडकलेला नव्हता. काच ज्या खाचेत बसते ती खाच कडेकडेनं खरवडून स्वच्छ केलेली, पुट्टी नाही, काच धरून ठेवणारे बिनटोपीचे बारीक खिळेही नाहीत. फौजदारांनी पंचनाम्याच्या वेळी म्हटलं होतं म्हणे, चोर हुशार, अंगाला लागू नये म्हणून तुकडे काढून टाकलेत. मला ते पटकन पटलंही होतं.

इतक्यात समोरच्या आरशात माझ्या खांद्यामागे एक चेहरा आला. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली.

"घाबरलात होय?" मालकांचा धाकटा भाऊ म्हणाला. "परवानगीशिवाय आवारात शिरणं हा गुन्हा आहे, बाई. माहीत असेलच तुम्हाला."

ह्याला मी ओळखत होते. भाडेकरूंच्या, शेजाऱ्यांच्या, बांधाच्या, कसल्या ना कसल्या भानगडीत तो वर्षानुवर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात दिसायचा. वकील नेमायचा नाही, वकिलांना कलमं ऐकवायचा. आम्ही त्याचं नाव कलमबहाद्दर ठेवलं होतं.

"शटर उघडं आहे, हे दुकान आहे आणि मी गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं. जीभ अजून शाबूत होती. "माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला काच बसवायचीय."

"साक्षीदारावर दबाव आणणं हाही गुन्हा आहे. माझ्या वहिनीच्या वाटेला जाऊ नका. ती साधी बाई आहे. मी सांगेन तेच तिला कळतं." एवढं बोलून तो पुढच्या गल्ल्याकडे गेला. पण आरशांमुळे तो कुठल्याही कोपऱ्यातून माझ्याकडे बघतोय असंच वाटत राहिलं.

मिस्त्री कोपऱ्यात टेबलावर तावा पसरून उभा होता. त्यानं काच कापायची हिरकणी तिच्यावरून एका दमात ओढली, खालून टकटक केलं, आणि तावा मुकाट्यानं दुभंगला.

"ही खिडकी तुम्ही साफ केलीत का?" मी विचारलं.

"मी कशाला हात लावू? पोलिसांनी बजावलंय. होती तशीच आहे, मॅडम."

"आणि पिंपात पुट्टीचा चुरा? आदल्या दिवशी जुनी खिडकी उतरवली होती का कुठली?"

"नाही. आठवडाभर नुसते आरसेच कापतोय." त्यानं पुढच्या बाजूला नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मालक तापट होते, मॅडम. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. पण ही पट्टी दिसते ना, ती काचेपेक्षा दुसऱ्या कामालाच जास्त वापरली त्यांनी."

"तुम्हाला मारायचे?"

पुढून खाकरल्याचा आवाज आला, आणि मिस्त्री पुन्हा काचेवर वाकला.

बाहेर पडताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. घड्याळ खाली होतं आणि चुरा त्याच्यावर. म्हणजे आधी कुणीतरी घड्याळ पिंपात ठेवलं आणि मग खिडकीचा कचरा गोळा करून त्याच पिंपात टाकला. खून करून पळणारा चोर मागे झाडू मारून जाईल का? तो माणूस बाहेरचा नव्हता. आणि तो मला आज दिसलेल्यांपैकीच असेल, तर मी ती चौकट न्याहाळताना त्यानंही मला पाहिलं होतं.

४

मालकीणबाईंचं घर कारखान्याच्या वरच होतं. कारखाना मुळात त्यांच्या वडिलांचा, लग्नानंतर नवऱ्यानं चालवायला घेतला, एवढं मला शेजारी कळलं होतं. दार उघडलं तेव्हा त्या हातात हातोडी घेऊन उभ्या होत्या आणि मी एक पाऊल मागे सरले.

"या ना. फोटो लावत होते," त्या म्हणाल्या.

नवऱ्याचा फोटो खुर्चीवर ठेवला होता. बाई पन्नाशीच्या, पूर्ण बाह्यांचं पोलकं, आवाज इतका हळू की मला पुढं झुकून ऐकावं लागत होतं.

"तुम्ही भंगारवाल्याला पाहिलंत?"

"हो. गल्लीत. तोच होता." पाठ केलेलं म्हणावं तसं त्या म्हणाल्या.

"काय करत होता?"

"उभा होता. संशयास्पदरीत्या."

संशयास्पदरीत्या हा शब्द घरात बसून कुणी वापरत नाही. तो कलमबहाद्दराचा होता, हे मला कळलं. पण दिरानं शिकवलेली साक्ष खरीही असू शकते, म्हणून मी पुढं रेटलं.

"त्या माणसाला फाशी होऊ शकते, हे माहीत आहे ना तुम्हाला?"

त्यांनी भिंतीवर खिळा धरला आणि हातोडी मारली. खिळा वाकला. त्यांनी तो उपसला, दाराच्या दगडी उंबऱ्यावर आडवा ठेवला, टक टक टक करून सरळ केला, नजरेसमोर धरून पाहिला, आणि पुन्हा तोच ठोकला. हे सगळं त्या माझ्याकडे बघत करत होत्या, खिळ्याकडे नाही.

"भावजी म्हणाले, चोरीला फार होत नाही," त्या म्हणाल्या.

"ही नुसती चोरी राहिली नाही. माणूस मेलाय."

"त्याला बायको आहे?"

"आहे. काल माझ्यासमोर बसली होती."

फोटो लावून झाला होता. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मी आता काहीतरी बोलणार आणि ते बोलणं त्यांना हवं आहे. मी कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. "काही आठवलं तर कधीही या. ऑफिस आणि घर एकच आहे माझं." त्यांनी कार्ड मुठीत दाबलं. जिन्यात पावलं वाजली, कलमबहाद्दर वर येत होता. मी भिंतीला चिकटून त्याच्या बाजूनं खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी मी दिवसभर कोर्टात होते. संध्याकाळी घरी आले, कुलूप काढलं, दिवा लावला. घरात वारा खेळत होता. मी एकही खिडकी उघडी ठेवून बाहेर पडत नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीची काच नव्हती.

५

फुटली असती तर मी इतकी घाबरले नसते. फुटलेली काच म्हणजे चेंडू, वारा, मांजर, काहीही. इथं फरशीवर एक कण नव्हता. माझ्या भाचीनं चिकटवलेलं हिरवं कासव ज्या काचेवर होतं, ती अख्खी काच कुणीतरी काढून नेली होती. खाच खरवडून लख्ख केलेली. आणि ओट्याच्या बाजूच्या कठड्यावर बारीक खिळे एकाशेजारी एक, ओळीनं मांडून ठेवलेले.

मी धावत बाथरूममध्ये गेले, आतून कडी घातली आणि पालथ्या बादलीवर बसले. तिथूनच फौजदारांना फोन लावला.

"काच चोरीला गेली?" ते हसले. "या की वकीलसाहेब, तक्रार द्या. चोरीच ना, फार काही होत नाही तिला."

त्यांच्या हसण्यानं मला राग आला आणि रागानं थोडी हुशारी आली. हा इशारा कुणाचा? माझ्या खिडकीला काच हवी आहे, हे मी खोटंच बोलले होते, आणि ते दोघांनीच ऐकलं होतं, कलमबहाद्दरानं आणि मिस्त्रीनं. कलमबहाद्दराच्या हातून काच अख्खी निघाली नसती. त्याचे हात फक्त बोट दाखवायला उपयोगी. मग राहिला मिस्त्री.

आणि मग कारखान्याची ती खिडकी माझ्या डोळ्यांसमोर आली. ती आणि माझी, दोन्ही चौकटी एकाच हातानं मोकळ्या केल्या होत्या. तिथंही काच आधी फुटलीच नव्हती! कुणीतरी ती रीतसर उतरवली होती, आणि तुकडे नंतर जमिनीवर झाले. चोर खिडकीतून आल्याचा देखावा उभा करायला निघालेल्या माणसाला काच चौकटीत ठेवून फोडता आली नव्हती, कारण आयुष्यभर त्यानं काचा फुटू नयेत म्हणूनच जिवाचं रान केलं होतं.

झोप लागली नाही. उजाडल्यावर मी ते खिळे रुमालात बांधले आणि कलमबहाद्दर यायच्या आत कारखाना गाठला. मिस्त्रीसमोर रुमाल सोडला. त्याच्या हातात हिरकणी होती आणि माझ्यामागे भिंत.

"हे तुमचे?"

त्यानं एक खिळा उचलून उजेडात धरला. "माझे कसे असतील? हे उपसून सरळ केलेत, मॅडम. ही बघा ठोकल्याची खूण. वाकडा खिळा मी परत वापरत नाही. फेकतो आणि नवा घेतो. त्यावरून जुन्या मालकांच्या शिव्या खाल्ल्यात मी."

"जुने मालक म्हणजे?"

"बाईंचे वडील. खिळा वाकला म्हणून टाकायचा नाही, हा त्यांचा हट्ट. बाई लहानपणापासून त्यांच्या हाताखाली होत्या. पुट्टी भरायला तर त्यांच्यासारखा अंगठा…" तो बोलता बोलता थांबला आणि खिळा हळूच रुमालात ठेवला.

दगडी उंबऱ्यावरची ती टक टक टक मला आत्ता ऐकू आली. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याकडे बघत त्यांनी ते केलं होतं, आणि मी बावळटासारखं कार्ड देऊन निघून आले होते.

मी वर पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी मालकीणबाई उभ्या होत्या.

६

"वर या," त्या म्हणाल्या.

गेले. मिस्त्रीला मी खुणेनं जिन्यातच थांबायला सांगितलं. खोलीत भिंतीला टेकवून, जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. चादरीच्या फटीतून हिरवं कासव दिसत होतं.

"मी तुमची वकील नाही," मी आधी म्हटलं. "मी त्या माणसाची वकील आहे. तुम्ही जे सांगाल ते मला वापरावं लागेल."

"म्हणून तर तुमच्याकडे आले होते. तुम्ही घरी नव्हता. परत फिरले असते तर पुन्हा यायची हिंमत झाली नसती. म्हटलं, तोंडानं बोलवत नाही तर हातानं सांगावं, कारखान्याची खिडकी कुणी काढली ते. परवा खिळा ठोकताना वाटलं, तुम्हाला कळलं. पण तुम्हाला कळलं नाही."

"नाही कळलं," मी कबूल केलं. "मी रात्रभर भीतीनं बाथरूममध्ये बसले होते."

त्या मनापासून दचकल्या. "अगं बाई! माझी भीती वाटली तुम्हाला?"

मग त्यांनी सांगितलं. संध्याकाळी कारखाना बंद झाल्यावर भांडण झालं होतं. नवऱ्यानं पट्टी उचलली. त्यांनी बाही वर सरकवली आणि मला दंडावरचे वळ दाखवले, नवे आणि जुने. त्या वेळी पट्टी डोक्याच्या रोखानं आली, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी ढकललं. तो मागे गेला, घोडीवर आपटला आणि परत उठला नाही. आरडाओरडा ऐकून दीर आत आला.

"मी म्हटलं, पोलिसांना बोलवा, मी सगळं सांगते. भावजी म्हणाले, वहिनी, हा खून आहे. खुनाला फाशी. कायदा मला विचारा. चोर आला होता असं दाखवू. मला म्हणाले, खिडकी फोडा." त्यांनी हातांकडे पाहिलं. "मला फोडता येईना, ताई. मी काढली. ते म्हणाले, वेड लागलंय का, आणि त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन आपटली. चोरी वाटावी म्हणून घड्याळ पिंपात टाकायला सांगितलं, पण ते बाबांनी लग्नात दिलेलं. फेकवेना, म्हणून गुंडाळून ठेवलं. त्या गरिबाच्या हाती लागेल, असं मनातसुद्धा आलं नाही."

"पण लागल्यावर तुम्ही त्यालाच ओळखलंत."

"हो." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "भावजी म्हणाले, तो नाही गेला तर तुम्ही जाल. आणि आता म्हणतात, कारखाना माझ्या नावावर करून द्या, नाहीतर सांगेन सगळ्यांना."

"ह्याला कायद्यात खंडणी म्हणतात," मी म्हटलं. "हे कलम त्यांनी तुम्हाला नाही ना सांगितलं? पुरावा नाहीसा करणं, खोटा पुरावा उभा करणं, खंडणी. एका माणसानं एका आठवड्यात इतके गुन्हे केलेले मी क्वचित पाहिलेत."

त्या उठल्या. मला वाटलं, आता पोलीस ठाण्यात जायचं. पण त्यांनी काच चादरीसकट काखेत घेतली आणि फळीवरून पुट्टीचा डबा उचलला. "आधी तुमची खिडकी लावून देते. मग कधी सुटका होईल कोण जाणे. उघड्या खिडकीत बाईमाणसानं एकटीनं कसं राहायचं?"

मी नको नको म्हणत होते, पण त्यांनी ऐकलं नाही. माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी काच खाचेत बसवली, तेच खिळे ठोकले, आणि अंगठ्यानं पुट्टी भरायला सुरुवात केली.

"त्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर?" त्यांनी पाठमोऱ्या विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. खोटं बोलणं सोपं होतं. मी खरं बोलले. "कुणी डोक्यात घालायला आलं आणि जीव वाचवायला त्याला ढकललं, तर बहुतेक वेळा तो गुन्हाच ठरत नाही. फार तर थोडी शिक्षा झाली असती. फाशी तर नक्कीच नाही. खून म्हणायला मारायचा हेतू लागतो, बाई. तुमचा नव्हता."

अंगठा थांबला. बऱ्याच वेळानं पुन्हा सरकायला लागला.

"आणि आता?"

"आता निरपराध माणसाला फासापर्यंत नेणारी खोटी साक्ष आहे. ती फार मोठी गोष्ट आहे. आज तुम्ही स्वतः जाताय, सोमवारच्या आत जाताय, हे न्यायाधीश बघतील. पण शिक्षा होईल."

"म्हणजे ढकलण्याला कमी आणि खोटं बोलण्याला जास्त?"

"हो."

त्यांनी शेवटचा कोपरा भरला, कड बोटानं सारखी केली आणि कासव पदरानं पुसलं.

"बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "चला."

फौजदारांनी जबाब लिहून घेतला तेव्हा ते एकदाही हसले नाहीत. कलमबहाद्दराला दुकानातून आणलं. तो गाडीत बसेपर्यंत हे बेकायदेशीर आहे, बेकायदेशीर आहे म्हणत होता. भंगारवाला सोमवारी घरी गेला. घड्याळ ठेवून घेतल्याबद्दल त्याला ताकीद मिळाली. त्याची बायको सांगत होती, तो आता पिंपात हात घालत नाही, काठीनं ढवळतो आणि काही चकाकलं की लांब उभा राहतो. मालकीणबाईंचं वकीलपत्र मला घेता येत नव्हतं, पण निकालाच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. न्यायाधीशांनी चष्मा पुसला. ढकलण्याच्या आरोपातून त्यांना सोडलं, खोट्या साक्षीच्या आरोपातून सोडलं नाही.

माझ्या खिडकीची पुट्टी आता दगडासारखी कडक झाली आहे. ओट्याशी उभं राहिलं की कडेकडेनं त्यांच्या अंगठ्याचे ठसे दिसतात, सगळे एकसारखे, जवळजवळ. एका ठिकाणी मात्र ठसा खोल रुतला आहे. तिथं, त्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर, ह्याचं उत्तर त्यांनी ऐकलं होतं.